वांगणीचे आकाश आणि जाग्या माणसांची रात्र



वय वाढले की झोप हलकी होते, हे सांगायला तुम्हाला डॉक्टर लागत नाही. रात्री दोनतीनदा जाग येते, पहाटे चारला डोळे उघडतात, आणि मग सकाळच्या चहापर्यंतचा वेळ सरता सरत नाही. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर त्याची शुश्रूषा करणाऱ्याची रात्र आणखीच तुकड्यातुकड्यांची होते. दवाखान्यात मी विचारतो, "जाग आल्यावर काय करता?" उत्तर बहुधा एकच असते, "छताकडे बघत पडून राहतो."

त्या छताच्या वर जे आहे, त्याची ओळख करून घ्यावी, हे सुचवण्यासाठी हा लेख आहे. निद्रानाशावरचा हा उपाय नव्हे. झोप सतत मोडत असेल तर तिची कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीच लागतात. पण जे तास जागेपणी जाणारच आहेत, त्यांना सोबत असावी. ही ओळख कोणत्याही वयात, कोणत्याही पदवीवाचून आणि जवळपास विनाखर्च करून घेता येते. तिचा पहिला धडा घेण्यासाठी मी तुम्हाला एका गावाला नेणार आहे.

बदलापूरच्या पुढचे स्थानक

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर ओलांडले की पुढचे स्थानक वांगणी. एका बाजूला चंदेरी आणि माथेरानची डोंगररांग, दुसरीकडे उल्हास नदीचे खोरे. मुंबईकर आकाशप्रेमी अनेक वर्षे अमावास्येच्या आसपास येथे येतात. खगोल मंडळासारख्या हौशी संस्थांचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम येथेच होत आले आहेत. कारण साधे आहे. लोकलच्या तिकिटात पोहोचता येईल एवढे हे गाव जवळ आहे, आणि शहराचा उजेड थोडा मागे राहील एवढे लांबही आहे. आता तो उजेडही पाठलाग करीत आला आहे. वायव्येला, बदलापूर-कल्याणच्या दिशेला, क्षितिजावर पिवळट पट्टा दिसतो. तरीही पूर्वेचे आणि डोक्यावरचे आकाश डोंबिवलीच्या गच्चीवरून दिसते त्याहून पुष्कळ भरलेले असते.

वांगणीची आणखी एक ओळख आहे. या परिसरात दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतील अनेक जण लोकलमध्ये लहानसहान वस्तू विकून चरितार्थ चालवतात. एका पौषातल्या संध्याकाळी आम्ही सात-आठ जण, त्यांत चौघे सत्तरीपुढचे, तेथे उतरलो तेव्हा पांढरी काठी घेतलेला एक तरुण आमच्या पुढे चालत होता. आमच्यातल्या आजींच्या पावलांचा आवाज ऐकून तो थांबला आणि म्हणाला, "पूल उतरताना कठडा धरून चला आजी, घाई नका करू." आजींनी त्याला "सुखी राहा बाळा" म्हटले आणि कठडा धरला. आम्ही तारे पाहायला निघालो होतो, आणि अंधारात कसे चालावे याचा पाठ तेथे प्रथम मिळाला.

अंधाराला डोळे देणे

मोकळ्या जागी पोहोचल्यावर पहिला अर्धा तास काहीच करायचे नसते. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. वयाबरोबर हा वेळ वाढतो. तरुणपणी अंधारात बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमीच उघडते. म्हणून नातवाला दिसलेला मंद तारा तुम्हाला दिसला नाही, तर मन खट्टू करू नका. ज्या ताऱ्यांवर आपण आकाश शिकणार आहोत, ते सगळे ठळक आहेत.

या अर्ध्या तासात मोबाइलचा पडदा एकदाही उघडू नये. पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आली की सराव पुन्हा पहिल्यापासून. विजेरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळावा. लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. मंद तारा पाहायचा असेल तर त्याच्यावर नजर रोखू नका, किंचित बाजूला पाहा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात, त्या कडेला असतात. त्यामुळे कडेच्या नजरेला अधिक दिसते.

ताऱ्यांभोवती वलये किंवा किरणे दिसत असतील, तर ते मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. एकच डोळा उघडा ठेवूनही एका ताऱ्याचे दोन दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञांना सांगा. आणि डोळ्यांसमोर अचानक प्रकाशाचे झोत चमकले, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव झाला किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. असे झाल्यास सकाळची वाट पाहू नये.

मूठ हेच मोजमाप

आता हात सरळ पुढे ताठ करा आणि मूठ वळा. तुमची मूठ आकाशातले सुमारे १० अंश झाकते. करंगळीच्या नखाची रुंदी सुमारे १ अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीआड सहज लपणारा. लहान मुलाचा हात आखूड आणि मूठही लहान, त्यामुळे हे माप सर्वांना जवळपास सारखेच लागू पडते.

उत्तरेला वळा आणि क्षितिजावर एकावर एक अशा दोन मुठी ठेवा. त्यांच्या वरच्या कडेशी एक मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसेल. तो ध्रुव. वांगणीचा अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणून येथे ध्रुवाची उंचीही सुमारे १९ अंश. कोणत्याही गावाचा अक्षांश असा मुठीने मोजता येतो. दिल्लीला लेकीकडे गेलात तर ध्रुव जवळजवळ तीन मुठी वर आलेला दिसेल. ध्रुव हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे, ही समजूत मात्र सोडून द्या. त्याचे वैशिष्ट्य तेजात नाही. बाकीचे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते, त्याच्या अगदी जवळ तो आहे, एवढेच.

अर्धा अभ्यास आधीच झालेला

जानेवारीच्या मध्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्वेकडे पाहा. चार कोपऱ्यांचे चार तारे आणि मध्ये सरळ रेषेत तीन. हे मृग नक्षत्र. मधले तीन तारे म्हणजे मृगाला लागलेला बाण. ती तिघांची रेषा खाली आग्नेयेकडे वाढवली की रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा भेटतो, तो व्याध. वरच्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पलीकडे, जवळजवळ डोक्यावर, कृत्तिकांचा लहानसा घोस. ईशान्येला पिवळसर ब्रह्महृदय. वायव्येला शर्मिष्ठेचे पाच तारे, इंग्रजी 'एम'सारखे मांडलेले. एवढे ओळखले की पहिल्या रात्रीचा अभ्यास पुरा.

त्या रात्री आजी म्हणाल्या, "मृग तर पावसाचं नक्षत्र. ते थंडीत कसं दिसतंय?" हा प्रश्न फार चांगला आहे. साधारण ७ जूनला मृग 'लागते', तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात आलेला असतो. सूर्याच्या शेजारचे तारे दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. म्हणून पेरणीच्या दिवसांत मृग दिसतच नाही. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला गेला की तेच नक्षत्र रात्रभर आपल्या डोक्यावर असते. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही नावे तुम्हाला पावसाच्या हिशेबाने तोंडपाठ आहेत. आता फक्त नावाला चेहरा जोडायचा आहे.

मराठी महिन्यांचेही तसेच. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले. कृत्तिकांजवळ असेल तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ मार्गशीर्ष, पुष्याजवळ पौष, मघेजवळ माघ, चित्रेजवळ चैत्र. चंद्र सुमारे २७.३ दिवसांत आकाशाची एक फेरी पुरी करतो, म्हणजे साधारण रोज एक नक्षत्र. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाचे चंद्रनक्षत्र छापलेले असते. रोज संध्याकाळी ते वाचा, मग बाहेर जाऊन चंद्र पाहा. त्याच्या आसपासचे तारे ते त्या नक्षत्राचे. दिनदर्शिकेतील भाग समान कापलेले आणि तारे मात्र कमीजास्त अंतरावर, म्हणून कधी थोडा फरक पडेल. तरी एका महिन्यात चंद्र तुम्हाला सत्तावीस नक्षत्रांच्या वाटेने हात धरून फिरवून आणील.

स्वतःच्या बळावर आकाश शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोकणातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) पेशाने शिक्षक होते. नोकरी सांभाळून त्यांनी केलेल्या अभ्यासातून १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत आला. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी मंडळींना आकाश दाखवीत आहे. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे; ज्यांना रात्री बाहेर पडणे झेपत नाही, त्यांनी एकदा तेथे जाऊन खुर्चीत रेलून आकाश पाहावे.

आपापल्या वयाचा तारा

ताऱ्यांची अंतरे प्रकाशवर्षांत मोजतात. प्रकाशाला चंद्रावरून यायला सव्वा सेकंदाहून थोडे अधिक लागते, सूर्यापासून सुमारे आठ मिनिटे. व्याधाचा प्रकाश मात्र ८.६ वर्षांपूर्वी निघालेला असतो. दुसरी-तिसरीतल्या नातवंडाने व्याधाकडे पाहावे; ते जन्मले तेव्हाचा प्रकाश आज त्याच्या डोळ्यांत उतरतो आहे. पंचविशीतल्या नातीसाठी अभिजित, चाळिशी ओलांडलेल्या मुला-सुनेसाठी ब्रह्महृदय, सुमारे ४३ प्रकाशवर्षांवर. पुनर्वसूच्या जोडीतला मंद तारा सुमारे ५१ प्रकाशवर्षांवर, तो माझ्या वयाच्या जवळचा. पासष्टीच्या वाचकांसाठी रोहिणी, सुमारे ६५. आणि एकोणऐंशीच्या आजोबांसाठी मघा, सुमारे ७९.

वांगणीला आजींनी रोहिणीकडे पुष्कळ वेळ पाहिले. त्यांचे वय त्याहून सहा वर्षांनी अधिक. "म्हणजे मी शाळेत जायला लागले तेव्हाचा हा उजेड," असे म्हणून त्या गप्प झाल्या. परतताना त्यांनी आपल्या पहिल्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या. सोबतच्या त्यांच्या सुनेने त्या यापूर्वी ऐकल्या नव्हत्या.

जाण्यापूर्वी

रात्री बाहेर पडायचे तर काही गोष्टी आधी ठरवा. उभे राहून मान मागे टाकून पाहू नका. मानेचे मणके झिजलेले असतील तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. पाठ रेलता येईल अशी खुर्ची किंवा सतरंजी आणि उशी घ्या. आडवे झाल्यावर एकदम उठू नका. आधी कुशीवर, मग बसून दोन मिनिटे, मग आधार घेऊन उभे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावे. मधुमेह्यांनी जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ चुकवू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. लघवीची गोळी घेत असाल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठेवा आणि स्वच्छतागृह कोठे आहे ते उजेडातच पाहून घ्या. कानटोपी, पायांत बंद बूट, डासांसाठी मलम. दम्याच्या रुग्णांनी पंप जवळ ठेवावा. गच्चीला पुरेसा उंच कठडा नसेल तर अंधारात तेथे जाऊ नये.

दुर्बिणीची घाई नको. पहिले सहा महिने उघडे डोळे पुरतात. पुढे घ्यायचीच झाली तर दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्या. ७×५० दुर्बिणीतून ७ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत येतो, पण उतारवयातल्या बाहुलीत तो सगळा मावत नाही. त्याऐवजी ८×४२ हलकी आणि पुरेशी. हात कापत असतील तर कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवा. तिच्यातून चंद्रावरची विवरे आणि कृत्तिकांतले डझनावारी तारे दिसतात. सूर्याकडे मात्र दुर्बिणीतून किंवा उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका.

खिडकीतले वांगणी

आता ज्यांना वांगणीला जाणे शक्यच नाही, त्यांच्याविषयी. त्या रात्री आमच्यात एक निवृत्त गृहस्थ होते. पत्नीला पक्षाघात झालेला, दोन वर्षे अंथरुणावर. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. त्या एका रात्रीपुरती त्यांची बहीण घरी थांबली होती. वांगणीला त्यांनी एकच गोष्ट नीट शिकून घेतली. आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणजे दोन तासांत ३० अंश, मुठीच्या भाषेत तीन मुठी.

त्यांच्या घराला दक्षिणेकडची गॅलरी आहे. जानेवारीच्या मध्यात रात्री दहाला कूस बदलून ते तेथे आले की व्याध डावीकडे, बाराला जवळपास समोर, दोनला उजवीकडे, दर वेळी तीन मुठी पुढे. त्याच्या खाली, दक्षिण क्षितिजाच्या फार वर न जाणारा अगस्त्य. एकच तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो, महिन्यात दोन तास. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात बाराची जागा व्याधाने दहालाच गाठली, आणि उत्तररात्रीच्या फेरीला चित्रा आली.

मी त्यांना विचारले, "फरक पडला का?"

ते म्हणाले, "थकवा तेवढाच आहे, डॉक्टरसाहेब. पण दोन वाजता गॅलरीत कुणीतरी ओळखीचं असतं."

थकवा तेवढाच आहे, हे वाक्य मी वैद्य म्हणून सोडून देऊ शकलो नाही. आठवड्यातून दोन रात्री बहिणीने आणि भाच्याने पाळी घ्यावी, असे आम्ही ठरवले. एरवीच्या रात्रींसाठी हवेच्या गादीची सोय केली. हवेच्या गादीनेही कूस बदलणे पूर्ण टळत नाही, पण त्वचेवरचा ताण कमी होतो. घरी शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की आकाश ही सोबत आहे, विश्रांती नव्हे. पाळी वाटून घ्या, मदत मागा. मग उरलेल्या जागरणात वर पाहा.

पहाटे उठणाऱ्यांचे आकाश वेगळे. जानेवारीत साडेपाचला डोक्याच्या पूर्वेला नारिंगी स्वाती, दक्षिणेकडे पांढरी चित्रा, उत्तरेला उंचावर सप्तर्षी. आग्नेयेला तांबडी ज्येष्ठा वर आलेली असते, ती वृश्चिकाची. वृश्चिक उगवते तेव्हा पश्चिमेला मृग मावळलेला असतो. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्याशी, वसिष्ठाशी, बिलगलेली मंद अरुंधती दिसते का, ते पाहा. विवाहात नवदांपत्याला दाखवतात ती हीच. ती दिसली नाही तर चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले, ते आठवा.

या पंधरवड्यात एवढेच करा. एक वही घ्या. ढग नसतील त्या प्रत्येक रात्री तारीख, वेळ, दिशा आणि ओळखलेल्या एका ताऱ्याचे नाव लिहा. एका रात्रीत एकच तारा पुरे. जाग आली तर दिवा न लावता आधी पलंगावर बसा, चप्पल घाला, आधार धरून खिडकीपर्यंत जा आणि तोच तारा किती मुठी सरकला ते मोजा. सकाळी ती वही चहाच्या वेळी घरच्यांसमोर ठेवा. "रात्री झोप लागली का?" या रोजच्या प्रश्नाला मग तुमच्याकडे थोडे वेगळे उत्तर असेल.